गुडघा बदलायचं ठरलंय (इंदूर). घर, जिना, शुगर: काय काय तयारी करू?

पाटीपेन्सिल | २२ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वय ६६. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणजे छत्तीस वर्षं उभीच होते म्हणा. उजवा गुडघा पार गेलाय. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेलं दिसतं, डॉक्टर म्हणाले ग्रेड चार. डावा अजून तग धरून आहे. गोळ्या, शेक, पट्टा, दोन इंजेक्शनं, सगळं करून झालं. आता रात्री कूस बदलली तरी जाग येते. राजवाड्यापर्यंत चालत जाणारी मी परवा कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत रिक्षा करू का म्हणाले, तेव्हा आमचे हे म्हणाले, बास, आता करून टाक. गणपती झाले की ऑपरेशन.

घर रामबागेतलं, जुनं. झोपायची खोली वर, चौदा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. संडास भारतीय. आम्ही दोघंच, मुलगा पुण्याला, त्याला आठ दिवस रजा मिळेल. हे ७१ वर्षांचे. चहा उत्तम करतात, बाकी आनंद आहे.

डॉक्टरांशी बोलणं झालंय. त्यामुळे "डॉक्टरांना विचारा" हे सोडून बाकी सगळं सांगा.

गराडू | २२ ऑगस्ट, रात्री १०.१५

बाई, दोन वर्षांपूर्वी आईचा डावा गुडघा केला. पहिलं काम, बिछाना खाली आणा. पहिले तीन आठवडे तरी तळमजल्यावरच राहा. दुसरं, जमिनीवरची पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी सगळं उचला. आई वॉकरने नीट चालत होती आणि न्हाणीघराच्या दारातल्या गोधडीच्या पायपुसण्यात वॉकरचा पाय अडकला. पडता पडता वाचली.

वॉकर विकत घेऊ नका, आमचा माळ्यावर पडलाय. व्यनि (खाजगी निरोप) करा, आणून देतो.

सराफ्याचा_उंदीर | २२ ऑगस्ट, रात्री ११.३०

एवढी घाई कशाला? गुडघ्यातलं ग्रीस संपतं, ते पुन्हा तयार होतं. आमच्या मामेसासऱ्यांनी उज्जैनहून तेल आणलं होतं, आज पंचाहत्तरीत फिरतायत. कापाकापी झाली की माणूस कायमचा काठीवर येतो भिया.

अर्धी_भूल | २३ ऑगस्ट, सकाळी ७.०५

उंदीरराव, मी भूल देण्याच्या धंद्यात आहे, तेव्हा हितसंबंध आधीच जाहीर करतो.

ग्रीस वगैरे काही नसतं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं, ते झिजतं, आणि ग्रेड चारला गेलेलं अस्तर तेलाने परत येत नाही. मालिशने भोवतीचे स्नायू सैल पडतात, बरं वाटतं, जरूर करा. तुमच्या मामेसासऱ्यांचं अस्तर शाबूत असणार. त्यांना नमस्कार.

दुसरं म्हणजे "गुडघा बदलतात" या शब्दाने लोक उगाच घाबरतात. अख्खा सांधा काढून फेकत नाहीत. किडलेल्या दाताला घासून टोपी बसवतात तसं आहे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडाची टोकं साधारण ८-१० मिलिमीटर तासतात, वर धातूची टोपी, खाली धातूची बैठक आणि मधे पॉलिथिलिनची चकती. काम तास-दीड तासाचं. बहुतेकदा कमरेत सुई देऊन पाय बधिर करतात, पेशंट जागा असतो. आत अक्षरशः सुतारकाम चालतं, हातोडीचा आवाज येतो. नको असेल तर झोपेचं औषध मागा, लाजू नका.

आणि बाई, चालू गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी, बीपीची गोळी, शिवाय काढे, लसणाच्या कॅप्सूल, सगळं. कोणती कधी थांबवायची ते आम्ही सांगतो, मनाने काही बंद करायचं नाही. दात हलत असेल, लघवीला जळजळ असेल, पायाच्या बोटांत चिखल्या असतील, तर ते आधी निपटा. तिथला जंतू रक्तातून नव्या गुडघ्यावर जाऊन बसला तर फार त्रास होतो.

निवृत्त_खजिनदार | २३ ऑगस्ट, सकाळी ११.२०

पैशाचं मी सांगतो. पॉलिसीचा कागद काढून सांधा बदलण्याची प्रतीक्षा मुदत, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती काळ त्याचे पैसे मिळत नाहीत, ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत दोन किंवा तीन वर्षं असते आणि लोकांना ते भरती व्हायच्या दिवशी कळतं. तुमच्या ह्यांना सत्तरी उलटलीये, त्यांचं ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा. ही सोय २०२४ च्या ऑक्टोबरपासून आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. तुमच्या उपयोगाचं नाही, पण पुढचा नंबर कोणाचा ते आपल्याला माहीत नसतं.

रोपणाच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण गुडघ्याला तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरले, त्याआधी हाच दीड लाखाच्या आसपास जायचा. म्हणून बिलात रोपण वेगळं दाखवायला सांगा. फाइलला त्याचे स्टिकर लावतात, त्यांचा फोटो काढून ठेवा. "सोन्याचा मुलामा", "तीस वर्षांची गॅरंटी" असं कोणी बोलू लागलं की चहा प्या आणि उठा.

अण्णा_सुदामानगर | २३ ऑगस्ट, दुपारी ४.००

मी दोन्ही एकदम केले, एका भरतीत. कटकट एकदाच. बाई, डावाही उरकून घ्या.

अर्धी_भूल | २३ ऑगस्ट, दुपारी ४.५०

अण्णा, तुमचं हृदय धडधाकट होतं म्हणून जमलं. दोन्ही एकदम केले की रक्त जास्त जातं, हृदय-फुप्फुसावर ताण जास्त येतो आणि उभं राहायला एकही भरवशाचा पाय उरत नाही. मधुमेह असलेल्या ६६ वर्षांच्या बाईंनी, तेही एक गुडघा चालता असताना, हे का करावं?

निवृत्त_खजिनदार | २३ ऑगस्ट, संध्याकाळी ६.१०

वाजपेयींचेही दोन वेगवेगळ्या वेळी झाले होते. डावा ऑक्टोबर २००० मध्ये, उजवा जून २००१ मध्ये, मुंबईत. आणि करणारे डॉ. चित्तरंजन राणावत आपल्या इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला आजच्या गुडघ्याचा मूळ नमुना ज्यांनी घडवला, त्या मोजक्या लोकांत ते होते. विषयांतर झालं, पण इंदूरच्या धाग्यावर हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

पाटीपेन्सिल | २ सप्टेंबर, संध्याकाळी ७.३०

तारीख गेली. तीन महिन्यांची साखर, ते एचबीए१सी, ८.४ आली. डॉक्टर म्हणाले, साडेसातच्या खाली आणा, मग या. रिपोर्टसाठी रक्त मोदकांच्या आधी दिलं होतं, हे नोंदवून ठेवते.

मन फार खट्टू झालंय. बॅगसुद्धा भरली होती.

चालतीबोलती | २ सप्टेंबर, रात्री ८.४५

बाई, मी फिजिओ आहे. मला विचाराल तर हे बरंच झालं. साखर जास्त असली की जखम चिघळायची भीती वाढते, आणि हा आकडा तीन महिन्यांचा असल्याने आठ दिवस उपाशी राहून तो खाली येत नाही. तेव्हा तीन महिने हातात आहेत, ते मांडीला द्या.

दुखतंय म्हणून आपण पाय वापरत नाही, आणि न वापरल्याने मांडीचा पुढचा स्नायू सुकतो. नवा सांधा चालवायचा त्यानेच आहे. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा, ती गुडघ्याने खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. मग सरळ पाय वीतभर उचलून धरा. मग उंच खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, जमतील तेवढ्या. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि वॉकर आत्ताच आणून चालून बघा. ऑपरेशननंतर अर्धगुंगीत शिकण्यापेक्षा आता शिकलेलं बरं.

बडोद्याची_लेक | ३ सप्टेंबर, सकाळी १०.००

माझ्या सासूबाईंचं मांडवीतल्या जुन्या घरात झालं, त्यामुळे तुमचं घर डोळ्यांपुढे आलं. भारतीय संडासावर ठेवायची कमोड खुर्ची घ्या, शक्यतो हात असलेली आणि उंची वाढवता येणारी. न्हाणीघरात आणि संडासात भिंतीला आडवी दांडी ठोकून घ्या, गवंडी वेळेवर येत नाही, आजच सांगा. देवघर टेबलाच्या उंचीवर आणा. पाटावर बसून पूजा पुढे करायची नाही, हे सासूबाईंना ऑपरेशनपेक्षा जास्त लागलं होतं. त्यांनी बाळकृष्णाला सांगितलं, आता तूच वर ये.

स्वयंपाकघरात रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवा, म्हणजे वाकणंही नको आणि स्टुलावर चढणंही नको. आणि चार खिशांचा एक एप्रन शिवून घ्या. वॉकर धरला की दोन्ही हात अडकतात, मोबाइल, चष्मा, गोळ्या कुठे ठेवणार?

पाटीपेन्सिल | २७ नोव्हेंबर, दुपारी १.१५

७.१! भात अर्धा केला, दिवाळीत चकली चाखली आणि अनारशाकडे पाठ फिरवली. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की व्यायाम सुरू, असा नियम केला. इंदूरची कचरागाडी एक दिवस चुकत नाही, त्यामुळे मलाही सुट्टी नाही. दांड्या बसल्या. एप्रन शिवला, त्याला पाच खिसे केले. गराडूंचा वॉकर आलाय आणि हे तो घेऊन अंगणात फेऱ्या मारतात, म्हणतात, तपासून बघतोय.

३ डिसेंबरला ऑपरेशन.

पाटीपेन्सिल | ७ डिसेंबर, पहाटे ४.२०

झोप नाही म्हणून लिहितेय. घरी आले काल.

पहिल्या दिवशी वाटलं, एवढंच? संध्याकाळी चार पावलं चाललेसुद्धा. मग दुसऱ्या रात्री भुलीचा ब्लॉक उतरला आणि आईची आठवण आली. उंदीरराव, त्या रात्री मी तुमच्या उज्जैनच्या तेलाला मनात हो म्हटलं होतं.

सध्या मांडी फुटबॉलसारखी, पोटरीपर्यंत काळंनिळं. गोळ्यांनी पोट बंद. काल विनाकारण रडू आलं, हे चहा घेऊन नुसते उभे.

गराडू | ७ डिसेंबर, सकाळी ६.५०

आईही चौथ्या-पाचव्या दिवशी रडली होती. होतं असं. दुखायची गोळी दुखणं वाढायची वाट न बघता ठरल्या वेळी घ्या, व्यायामाच्या अर्धा तास आधी. पोटासाठी डॉक्टरांकडून औषध लिहून घ्या, ऊन पाणी प्या. बर्फ टॉवेलात गुंडाळून, वीस मिनिटं, थेट कातडीवर नको. निळा रंग घोट्याकडे सरकेल, घाबरू नका, रक्त खाली उतरतं.

अर्धी_भूल | ७ डिसेंबर, सकाळी ७.३०

यात एक फरक लक्षात ठेवा. सगळा पाय सुजणं वेगळं. पण पोटरी एकाएकी टणक झाली, दाबली की कळ येते, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर इथे लिहीत बसू नका, थेट रुग्णालय गाठा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. शिरेत गुठळी झालेली असू शकते. ताप आणि जखमेतून पाणी येत असेल तरीही तसंच. गुठळी टाळायची गोळी दिली असेल ती चुकवू नका आणि जागेपणी तासातासाला घोटे वरखाली करत राहा.

पाटीपेन्सिल | १९ डिसेंबर, रात्री ८.००

टाके निघाले. जखम कोरडी, छान. सरळ पायापासून मोजलं तर वाकतो ८५ अंशांपर्यंत. भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो, किती वाकतो? जणू परीक्षेचा निकाल.

पण एक गडबड आहे. पाय पूर्ण सरळ होत नाही. आमच्याकडे मोठा लाकडी कोनमापक आहे, फळ्यावर वापरायचा, निवृत्त होताना मी तो शाळेतून मागून घेतला होता. हे खाली बसले, मध्यबिंदू गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला धरला, एक रेघ मांडीवरून कमरेच्या हाडाकडे, दुसरी घोट्याच्या हाडाकडे. तीन वेळा मोजलं. १६८. म्हणजे १२ अंश कमी. पलंगावर झोपले की गुडघ्याखालून ह्यांची अख्खी मूठ जाते.

झोपताना गुडघ्याखाली उशी घेते, त्याने बरं वाटतं. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी मऊ उशी शिवून आणली, खास मापाची.

चालतीबोलती | १९ डिसेंबर, रात्री ८.१२

बाई, ती उशी काढा. आत्ता. मग पुढचं वाचा.

गुडघा जरासा वाकलेला असला की सुजलेल्या सांध्याला आत जागा मिळते, म्हणून बरं वाटतं. पण रात्रभर तसाच राहिला की मागचं आवरण आणि मांडीमागचे स्नायू त्याच मापात आखडून बसतात. वाकणं महिनोन् महिने सुधारत राहतं. सरळ होण्याचं तसं नाही, तिथे सुरुवातीचे आठवडे फार मोलाचे असतात. आणि वाकलेल्या पायावर उभं राहून बघा, मांडीचा पुढचा स्नायू क्षणभरही सुटत नाही. पाय दमतो, आखूड पडल्यासारखा होतो, माणूस लंगडतो, मग कंबर. माझ्याकडे येणारा प्रत्येक नातेवाईक विचारतो, किती वाकला? सरळ होतो का, हे विचारणारा अजून भेटायचाय.

आता उशीची जागा बदला. टाचेखाली टॉवेलची जाड गुंडाळी, गुडघा अधांतरी, पायाचा पंजा छताकडे. दहा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. नको नको होईल, तेव्हा रेडिओ लावा. त्याच स्थितीत मधेमधे गुडघा खाली दाबायचा. उद्या तुमच्या फिजिओला हा आकडा सांगा, त्या हातानेही ताण देतील.

पाटीपेन्सिल | १९ डिसेंबर, रात्री ९.३०

काढली. रुग्णालयाने दिलेल्या कागदात होतं हो हे, आता बघितलं. दोन पानं इंग्रजीत बारीक अक्षरात, गुडघ्याखाली उशी नको, सातवी ओळ. इतरांना आयुष्यभर "प्रश्न नीट वाचा" सांगणारी मी.

जाऊबाईंना काय सांगू?

बडोद्याची_लेक | १९ डिसेंबर, रात्री ९.४५

सांगा की टाचेखाली फार छान बसते.

पाटीपेन्सिल | १४ जानेवारी, दुपारी ३.००

तिळगूळ घ्या, गोड बोला. मी वाटीभर वाटले, एक चाखला.

आज सहा आठवडे झाले. सरळ १७७, म्हणजे तीनच उरले. वाकतो १०६. ही नऊ अंशांची लढाई ऑपरेशनपेक्षा जड गेली, खरं सांगते. ऑपरेशनला मी नुसती पडून होते. टाचेखाली गुंडाळी ठेवून पहिल्या आठवड्यात जी कळ यायची, तिच्यासाठी शब्द नाही. हे समोर घड्याळ घेऊन बसायचे आणि मी म्हणायचे, झाली दहा मिनिटं, तर म्हणायचे, चार झालीत. एकदा भांडण झालं यावरून, मोठं.

काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाते. जिना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. हे पाठ व्हायला मला वेळ लागला, शेवटी यांनी पहिल्या पायरीवर खडूने लिहिलं. आता वर झोपते.

दोन शंका. चिरेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर आहे. आणि चालताना आत टक् वाजतं.

चालतीबोलती | १४ जानेवारी, संध्याकाळी ५.२०

१७७ बघून मी दवाखान्यात टाळी वाजवली, पेशंट दचकले.

बधिरपणा: चीर देताना कातडीची एक बारीक नस कापली जाते. तो भाग हळूहळू लहान होत जातो, थोडा कायमचाही राहू शकतो. टक् म्हणजे धातू आणि प्लास्टिक एकमेकांना भेटतात. त्याबरोबर दुखत नसेल तर सोडून द्या. संध्याकाळी गुडघा गरम लागेल, थोडा सुजेलही, हे काही महिने चालतं. गुडघे टेकून बसायचा प्रयोग आत्ता नको. मांडी घालून जमिनीवर बसणं विसरा.

अण्णा_सुदामानगर | १४ जानेवारी, संध्याकाळी ६.००

किती वर्षं टिकतो म्हणे हा?

निवृत्त_खजिनदार | १४ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

२०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठं संकलन आलं होतं. पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात, असं त्यात निघालं. अण्णा, तुमचं वय ७४. आता गुडघ्यांना विचारा, तुम्ही किती टिकणार.

पाटीपेन्सिल | ९ मार्च, सकाळी ११.१०

काल रंगपंचमी. राजवाड्याच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) अर्थातच गेले नाही, गच्चीतून आवाज ऐकला. परवा लालबागेजवळ पाऊण तास चालले, काठी घरी विसरून. विसरले हे घरी आल्यावर कळलं. रात्री गोळी न घेता सलग झोप. सरळ १८०, वाकतो ११८. उकिडवं बसता येत नाही, यायचंही नाही. पाटावरच्या पंगतीला आता मी वाढपी. डावा गुडघा कुरकुरायला लागलाय, त्याला म्हटलं, दिवाळीपर्यंत थांब.

सराफ्याचा_उंदीर | ९ मार्च, दुपारी १२.३०

बाई, अभिनंदन. एक खाजगीत विचारायचं होतं, इथेच विचारतो. मामेसासऱ्यांचा गुडघा चार महिन्यांपासून रात्री ठणकतोय. उभं राहून काढायचा एक्स-रे कुठेही काढतात का?

अर्धी_भूल | ९ मार्च, दुपारी १२.४५

कुठेही काढतात. चिठ्ठीवर "उभं राहून, दोन्ही गुडघे" लिहून न्या, नाहीतर झोपवून काढतील आणि झीज कमी दिसेल. तेल चालू ठेवायला हरकत नाही.

छप्पन_भोग | १० मार्च, रात्री ९.००

धागा पूर्ण वाचला. वडिलांचं ऑपरेशन १८ तारखेला आहे. वॉकर भाड्याने कुठे मिळेल?

पाटीपेन्सिल | १० मार्च, रात्री ९.२०

गराडूंच्या आईंचा, मग माझा, तोच घेऊन जा. त्यांना विचारलंय, ते हो म्हणाले. मागच्या डाव्या पायाचं रबरी बूच झिजलं होतं, हे नवीन आणायला गेले आणि चारही बदलून आणली. खिशांचा एप्रनही धुऊन ठेवलाय. उद्या सहानंतर या. बेल एकदाच वाजवा आणि थांबा, चौदा पायऱ्या उतरायला मला अजून वेळ लागतो.